थेंबांचे लेणे

मराठीत ‘लेणे’ हा एक सुंदर शब्द आहे. अंगावर शोभणाऱ्या अलंकाराला आपण लेणे म्हणतो, आणि डोंगराच्या पोटात कोरलेल्या विहारांना व चैत्यांनाही लेणीच म्हणतो. मुख्याध्यापक असताना मी कित्येक वर्षे मुलांच्या सहली घेऊन अजिंठ्याला गेलो. तेथील सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील, तर नंतरची इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. त्या कड्यासमोर उभे राहून मी दरवर्षी मुलांना सांगत असे, ‘‘बाळांनो, ही हातांची करामत आहे. या काळ्या कातळावर पडलेला प्रत्येक घाव कुणीतरी मोजूनमापून घातलेला आहे.’’ आपल्या मुलुखात गुहा म्हटली की छिन्नी आणि हातोडा धरलेले हातच डोळ्यांसमोर येतात.

पुढे उतारवयात मला निराळ्या जातीची गुहा पाहण्याचा योग आला. तिच्यात एकही मूर्ती कुणी कोरली नव्हती, एकही खांब कुणी उभा केला नव्हता. आणि तरीही तेथे खांब होते, पडदे होते, झुंबरे होती. तेथे माणसाच्या हाताला काम होते, पण ते फार वेगळे काम होते. त्याचीच ही हकीकत.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी राहतात. २०१८ सालच्या जुलै महिन्यात मी व माझी पत्नी त्यांच्याकडे गेलो होतो. आपल्याकडे त्या वेळी आषाढातला पाऊस कोसळत होता, तर तेथे ऐन हिवाळा होता. दक्षिण गोलार्धात ऋतूंचे चक्र उलटे फिरते, हे मी भूगोलाच्या तासाला अनेकदा सांगितले होते. परंतु जुलैत लोकरी कोट अंगावर चढवावा लागला, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ हाडांना कळला! नातवाच्या शाळेला दोन आठवड्यांची सुटी होती. तो अकरा वर्षांचा, अतिशय चौकस. ‘‘आजोबा, आपण जेनोलनच्या गुहा बघायला जाऊ,’’ असा त्याने हट्टच धरला, आणि एके दिवशी सकाळी आमची मोटार पश्चिमेच्या दिशेने धावू लागली.

जेनोलन सिडनीपासून सुमारे १७५ किलोमीटरांवर आहे. वाटेत ‘ब्लू माउंटन्स’, म्हणजे निळे डोंगर, लागतात. ते नाव अगदी सार्थ आहे. दूरवरच्या रांगांवर निळसर धुके पसरलेले दिसते. त्या रानात जिकडे तिकडे निलगिरीची झाडे आहेत. त्यांच्या पानांतील तेलाचा अंश हवेत मिसळतो आणि त्यामुळे ही निळाई येते, असे मानतात. ज्या झाडाला आपण निलगिरी म्हणून ओळखतो, त्याचे माहेर हा ऑस्ट्रेलिया देशच होय. २००० साली हा सारा डोंगराळ प्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. जेनोलनचे राखीव क्षेत्र त्यात मोडते.

शेवटी रस्ता एकाएकी अरुंद झाला आणि दरीत उतरू लागला. एका बाजूस उभा कडा, दुसऱ्या बाजूस खोल उतार. आपल्याकडील एखाद्या घाटाचीच आठवण व्हावी. वळणामागून वळण घेत आम्ही तळाशी आलो, तो समोर डोंगराने आ वासलेला! रस्ता सरळ त्या गुहेत शिरत होता. तिला ‘ग्रँड आर्च’ म्हणतात. ही डोंगराला आरपार पडलेली नैसर्गिक कमान आहे. तिची लांबी सुमारे १२७ मीटर व उंची सुमारे २४ मीटर. आमची मोटार त्या प्रचंड दगडी छताखालून मुंगीसारखी पलीकडे गेली, आणि उजेडात येताच उतरत्या छपरांची एक जुनी, भारदस्त इमारत दृष्टीस पडली. हेच ‘केव्हज हाउस’, आमचे त्या रात्रीचे विश्रामगृह.

या प्रदेशाचे मूळ रहिवासी गुंडुंगुरा लोक. त्यांच्या भाषेत या ठिकाणाचे नाव ‘बिनूमिया’, म्हणजे अंधाराच्या जागा. त्यांची एक पुराणकथा आहे. अर्धा मासा आणि अर्धा सरपटणारा प्राणी असा ‘गुरंगाच’ नावाचा एक महाकाय जीव होता. ‘मिरागन’ नावाचा शिकारी त्याच्या पाठीस लागला. गुरंगाच जमीन फोडीत पळाला, मिरागन त्याला गाठीत राहिला, आणि त्या दीर्घ झुंजीत येथल्या नद्या व दऱ्या निर्माण झाल्या. कथा ऐकून मला कौतुक वाटले. डोंगर फोडणारा तो जीव पाण्यातला होता, हे त्या लोकांनी किती अचूक ओळखले होते! कारण या गुहा खरोखरच पाण्याने खोदलेल्या आहेत.

ते कसे, हे समजण्यासाठी तुम्हांला दूर जाण्याचे कारण नाही. तुमच्या शाळेची प्रयोगशाळा पुरेशी आहे. चुन्याच्या स्वच्छ निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीतला चुना पांढऱ्या कणांच्या रूपाने बाहेर पडतो. पण आमच्या शाळेतले विज्ञानशिक्षक तेथेच थांबत नसत. ते मुलांना आणखी बराच वेळ फुंकायला लावीत. आणि मग ती दुधाळ निवळी हळूहळू पुन्हा स्वच्छ होई! कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की ते पांढरे कण पाण्यात विरघळून जातात.

डोंगराच्या पोटात हाच प्रयोग कोट्यवधी वर्षे चालू आहे. जेनोलनचा डोंगर चुनखडकाचा आहे. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ समुद्र होता. त्यातील प्रवाळ आणि शंखशिंपले यांचा थरावर थर साचून हा खडक झाला. पावसाचे पाणी हवेतून आणि विशेषतः मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्ल बनते, आणि खडकाच्या भेगांत शिरून त्याला विरघळवू लागते. भेगेची फट होते, फटीचे भुयार होते, भुयाराची गुहा होते. आपला सह्याद्रीचा काळा कातळ अशा रीतीने विरघळत नाही. म्हणून आपल्याला लेणी हातांनी कोरावी लागली. तेथील काही गुहांमधील चिकणमातीचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला आणि २००६ साली तिचे वय सुमारे ३४ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या दख्खनचा कातळ ज्या लाव्ह्यापासून झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मुलांनो, सह्याद्रीचा जन्मही झाला नव्हता, त्याच्या कितीतरी आधी त्या गुहा अंधारात उभ्या होत्या!

दुपारी आम्ही ‘ल्यूकस’ नावाच्या गुहेत निघालो. तेथे एकट्याने जाता येत नाही. ठरलेल्या वेळी माणसांचा एक जथा करून मार्गदर्शकाबरोबर जावे लागते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी प्रथमच दोन गोष्टी बजावल्या. आत काही खायचे नाही, आणि कठडा सोडून कशालाही हात लावायचा नाही. माझ्या पत्नीने पिशवीतला चिवड्याचा डबा मुकाट्याने तळाशी ढकलला. या गुहेत चढउताराच्या नऊशेहून अधिक पायऱ्या आहेत. बाहेर बोचरी थंडी होती, पण आत ऊब जाणवली. हिवाळा असो की उन्हाळा, गुहेतील हवा बारा महिने जवळजवळ सारखीच असते.

पहिलेच दालन पाहून आमची पावले थबकली. त्याचे नाव ‘कॅथीड्रल’, म्हणजे मोठे प्रार्थनामंदिर. त्याचे छत ५४ मीटर उंच आहे. साधारण सतरा-अठरा मजली इमारत त्यात उभी राहू शकेल. पुढे दालनामागून दालने लागली. छतातून खाली लोंबणारे ते अधोमुखी लवणस्तंभ, आणि जमिनीतून वर उठणारे ते ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. कोठे दोन्ही एकमेकांना मिळून अखंड खांब झाला होता, तर कोठे भिंतीवरून ओघळलेल्या पाण्याने वाऱ्यावर धरलेल्या पदरासारखा दगडी पडदा विणला होता. त्यामागे दिवा लावताच तो पडदा उजळून निघे.

हे सारे थेंबांनी घडविलेले. चुना पोटात घेऊन आलेला थेंब छताला लोंबतो. गुहेच्या हवेत त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि तुमच्या प्रयोगातील पांढऱ्या कणांप्रमाणे चुन्याचा अतिसूक्ष्म अंश छताला चिकटून राहतो. मग थेंब खाली पडतो आणि उरलेला अंश जमिनीवर ठेवतो. त्यामागून दुसरा थेंब, त्यामागून तिसरा. अशा रीतीने स्तंभ साधारणपणे शंभर वर्षांत एखादा सेंटिमीटर वाढतो. कित्येक ठिकाणी तेवढाही वाढत नाही.

एका दालनात बाईंनी आम्हांला कठडा धरून स्तब्ध उभे राहण्यास सांगितले आणि सर्व दिवे मालवले. मुलांनो, आपण ज्याला काळोख म्हणतो तो खरा काळोख नव्हे. अमावास्येच्या रात्रीही चांदण्यांचा उजेड असतो. तेथे मात्र डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेच समजेना. मी आपला हात डोळ्यांपुढे धरला. तो दिसला नाही. नातवाचा लहानसा पंजा चाचपडत आला आणि त्याने माझी बोटे घट्ट धरली. कोणी बोलत नव्हते. त्या शांततेत कोठेतरी एक थेंब पडला. काही वेळाने दुसरा पडला. कोणी पाहत नसता, कोणी ऐकत नसता, हे काम असेच चालू राहिले होते. दिवे पुन्हा लागले तेव्हा आम्ही सारे एकमेकांकडे पाहून उगीचच हसलो.

यानंतर बाईंनी जे दाखविले, ते मी विसरू शकत नाही. वाटेच्या अगदी कडेला, हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, काही लवणस्तंभ तुटलेले होते. त्यांची बुडखे तेवढी छताला शिल्लक होती. बाई म्हणाल्या, ‘‘ही मोडतोड दीडशे वर्षांपूर्वीची असावी. त्या काळी येणारे लोक आठवण म्हणून एकेक तुकडा तोडून घरी नेत.’’ मग त्यांनी एका बुडख्यावर विजेरीचा झोत टाकला. तुटलेल्या तोंडाशी काहीतरी पांढरे चमकत होते. ते गव्हाच्या दाण्याहून मोठे नव्हते. ‘‘त्यानंतर आजवर झालेली ही नवी वाढ,’’ बाई म्हणाल्या.

नातू त्या दाण्याकडे टक लावून पाहू लागला. तुटण्यापूर्वी तो स्तंभ केवढा असेल, असे त्याने विचारले. शेजारच्या धड स्तंभावरून अंदाज करता तो हातभर लांबीचा असावा. नातू मनाशी पुटपुटत हिशेब करू लागला. ‘‘आजोबा, दीडशे वर्षांत अर्धा सेंटिमीटर. म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर व्हायला... तेरा हजार पाचशे वर्षे!’’

‘‘बरोबर,’’ मी म्हणालो.

‘‘आणि तोडायला किती वेळ लागला असेल?’’

या प्रश्नाला हिशेबाची गरज नव्हती. अजिंठ्याचे सर्वांत जुने लेणे आज सुमारे बावीसशे वर्षांचे आहे. ते कोरून झाले, तेव्हाही हा स्तंभ हजारो वर्षांचा होता. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, साम्राज्ये आली आणि लयाला गेली, आणि त्या साऱ्या काळात थेंबांनी जे घडविले, ते एका प्रवाशाच्या हाताने एका क्षणात काडकन मोडले. तोडणारा दुष्ट होता, असे मला वाटत नाही. त्याला ते आवडले असेल. घरच्या फळीवर ठेवावे, पाहुण्यांना दाखवावे, एवढाच त्याचा हेतू असेल. पण तो तुकडा आज कोठे आहे, हे कोणास ठाऊक? बुडखा मात्र जागच्या जागी आहे, आणि त्या हाताची साक्ष देत आहे.

सुदैवाने असा विचार करणारी माणसे त्या काळीही होती. जॉन ल्यूकस नावाच्या तेथील लोकप्रतिनिधीने या गुहांच्या रक्षणासाठी खटपट केली, आणि १८६६ साली हा प्रदेश राखीव करण्यात आला. ज्या गुहेत आम्ही उभे होतो, तिला त्याचेच नाव दिलेले आहे. १८६७ साली जेरेमाया विल्सन या गृहस्थाची गुहांचा रक्षक म्हणून नेमणूक झाली. विल्सन दोराला लोंबकळत, मेणबत्तीच्या प्रकाशात खोल विवरांत उतरत असे. अनेक नव्या गुहा त्याने शोधून काढल्या. १८७२ साली लवणस्तंभ तोडण्यास बंदी झाली. मेणबत्त्यांच्या काजळीने भिंती काळ्या पडत, म्हणून विजेचे दिवे येणे हाही गुहांच्या दृष्टीने लाभच ठरला. १८८० सालीच जेनोलनच्या एका गुहेत विजेच्या दिव्यांचा प्रयोग करण्यात आला. तेव्हा जगातील बहुतेक मोठ्या शहरांतही घरोघरी कंदीलच मिणमिणत होते!

संध्याकाळी आम्ही केव्हज हाउसमध्ये परतलो. विल्सनने प्रवाशांसाठी बांधलेली आधीची वास्तू १८९५ साली आगीत जळाली. त्यानंतर वॉल्टर लिबर्टी व्हर्नन या सरकारी वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार नव्या इमारतीचे काम १८९७ च्या सुमारास सुरू झाले, आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. लांबच लांब दालने, उंच छते, पाऊल पडताच कुरकुरणारी लाकडी जमीन, दिवाणखान्यात पेटलेली शेकोटी. भिंतींवर जुनी छायाचित्रे होती. पायघोळ झगे घातलेल्या स्त्रिया आणि टोपीवाले पुरुष हातांत मेणबत्त्या घेऊन गुहेच्या दाराशी उभे असलेले त्यांत दिसत होते. एवढ्या अवजड पोशाखात त्या स्त्रिया इतक्या पायऱ्या कशा चढल्या असतील, याचेच माझ्या पत्नीला राहून राहून नवल वाटत होते.

जेवण आटोपून वरच्या मजल्यावर जाताना नातू जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवीत चालला होता. एकाएकी तो थांबला. ‘‘आजोबा, हा कठडा बघा किती गुळगुळीत आहे! याला सगळेच हात लावतात. मग याला कोणी नको का म्हणत नाही?’’

प्रश्न लहानसा, पण मला विचारात पाडणारा होता. शंभराहून अधिक वर्षे हजारो माणसांनी त्या कठड्याचा आधार घेतला होता. त्यांच्या हातांनीच त्या लाकडाला ती झिलई आली होती. घर कोणी राहिले नाही तर पडके होते. कठड्याला हात लागला नाही तर त्यावर धूळ साचते. पुस्तक, वाद्य, अवजार, शेत, या साऱ्या वस्तू हातांच्या सोबतीने जगतात. त्यांना स्पर्श हवा, वापर हवा, डागडुजी हवी. लवणस्तंभाची गोष्ट अगदी उलट. आपल्या तळहाताला नेहमी थोडा तेलकटपणा आणि मळ असतो. तो दगडाला लागला की चुन्याचा नवा थर नीट धरत नाही, आणि शुभ्र दगड काळवंडतो. कठड्याला हाताने शोभा येते, आणि स्तंभाची शोभा त्याच हाताने जाते. कोणत्या वस्तूला हात द्यावा आणि कोणत्या वस्तूपासून तो दूर ठेवावा, हे ओळखणे म्हणजेच शहाणपण. हे मी त्याला माझ्या परीने समजावून सांगितले. त्याने क्षणभर आपल्या तळहाताकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘म्हणजे हाताला दोन्ही यायला पाहिजे.’’ याहून नेमके मला सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘ओरिएंट’ नावाची गुहा पाहिली. ही १९०४ साली सापडली. हिच्या दालनांना पूर्वेकडील देशांची नावे दिलेली आहेत. त्यांत इराणच्या व इजिप्तच्या नावांबरोबर भारताच्या नावाचेही एक दालन आहे! इतक्या दूरच्या देशात, जमिनीच्या पोटात, आपल्या देशाचे नाव ऐकून कोणाला आनंद होणार नाही? लोहाच्या अंशामुळे तेथील स्तंभांवर गुलाबी, केशरी, तांबूस अशा छटा उतरल्या आहेत. या गुहेकडे जाण्यासाठी १९५४ साली डोंगरातून एक बोगदा खणण्यात आला. बोगद्याला दारे आहेत, आणि आतली हवा जशीच्या तशी राहावी म्हणून ती लगेच बंद करतात. बाहेरच्या माणसांच्या कपड्यांतून गळणारे बारीक तंतू आणि धूळ हीसुद्धा स्तंभांवर साचून त्यांचा रंग घालविते. सतत उजेड पडला तर दिव्याजवळच्या दगडावर हिरवे शेवाळ धरते. म्हणून जथा पुढे सरकला की मागचे दिवे विझवितात. पाहायला येणाऱ्याने काही तोडले नाही, तरी त्याच्या नुसत्या येण्याचीही किंमत असते, आणि ती कमीत कमी ठेवण्यासाठी कोणीतरी सतत दक्ष असते. आमच्या मागून एकेक दालन पुन्हा काळोखात बुडत होते. मला ते पाहून बरे वाटले. झोपलेल्या मुलाच्या खोलीतून आई दिवा मालवून हलकेच बाहेर पडते, तसे ते होते.

परत निघण्यापूर्वी आम्ही तेथील ‘ब्लू लेक’ नावाच्या निळ्याशार तळ्याच्या काठी बसलो. या तळ्यात प्लॅटिपस हा बदकासारख्या चोचीचा, अंडी घालणारा सस्तन प्राणी राहतो. आमच्या नशिबी काही त्याचे दर्शन नव्हते. पत्नीने अखेर पिशवीच्या तळाचा चिवड्याचा डबा वर काढला, आणि आम्ही तो उघड्यावर, निःशंक मनाने संपविला.

या गोष्टीला आता काही वर्षे लोटली. आमच्या भेटीनंतर दीड वर्षाने, २०१९-२० च्या उन्हाळ्यात, ऑस्ट्रेलियाच्या रानांत भीषण वणवे पेटले. आग जेनोलनच्या दरीत येऊन ठेपली. तेथील काही इमारती जळून गेल्या. पण अग्निशामक दलाच्या लोकांनी प्राण पणाला लावून केव्हज हाउस वाचविले. पुढे अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, घाटाचा रस्ता खचला, आणि गुहा व विश्रामगृह दीर्घकाळ बंद ठेवावे लागले. त्या बातम्या वाचताना मला तो गुळगुळीत कठडा आठवे. तो टिकावा म्हणून माणसांना आगीत उतरावे लागले. आणि त्याच डोंगराच्या पोटातला तो गव्हाचा दाणा? त्याच्यासाठी माणसाने करावयाची गोष्ट एकच होती : त्याला त्याच्या वाटेने वाढू द्यावे. दोन्ही रक्षणेच, एकात हात पुढे करावा लागतो, तर दुसऱ्यात तो आवरावा लागतो. पहिल्याचा पराक्रम सर्वांना दिसतो. दुसऱ्याचा कोणालाच दिसत नाही, आणि म्हणून तो शिकणे अधिक कठीण असते.

मुलांनो, तुम्हीही कधी सहलीला जाल. एखाद्या किल्ल्याच्या बुरुजावर, एखाद्या लेण्याच्या भिंतीवर, एखाद्या जुन्या वडाच्या खोडावर कोणीतरी कोरलेले नाव तुम्हांला दिसेल. शेजारी रिकामी जागा असेल, खिशात खिळा किंवा खडू असेल, आणि मित्रही आग्रह करतील. त्या वेळी आपल्या हाताकडे एकदा पाहा. या हाताने अजिंठा घडविला आहे, हे विसरू नका. आणि साडेतेरा हजार वर्षांचे काम एका क्षणात मोडणाराही असाच एक हात होता, हेही विसरू नका. मग तो हात खिशातून रिकामाच बाहेर काढा, आणि पुढे चालू लागा.